घरच्या भुईमुगाचे खारे आणि गोड-खारे शेंगदाणे: दाण्याच्या निवडीपासून बरणीपर्यंत

भुईमुगाची काढणी झाली, शेंगा वाळल्या, व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन गेला, की घरात एक-दोन पोती उरतात. त्यातले काही बियाण्याला जातात, काही वर्षभराच्या कुटाला, आणि काही दाणे मुलाबाळांसाठी, पाहुण्यांसाठी भाजले जातात. अनेक बचत गट आता याच दाण्यांची खारे शेंगदाणे, गूळदाणे, मसाला दाणे अशी पाकिटे करून आठवडी बाजारात आणि यात्रेत विकतात. कृती अवघड नाही. तरीही प्रशिक्षणात हमखास तीन तक्रारी येतात: मीठ दाण्याला धरत नाही, दाणे बाहेरून करपतात आणि आतून कच्चे राहतात, आणि मूठभर दाण्यांत एखादा कडूजहर निघतो.

पहिल्या दोन तक्रारी कढईशी सुटतात. तिसरी मात्र शेतात आणि खळ्यावर तयार होते, आणि ती केवळ चवीची नाही. म्हणून या लेखात भाजण्याआधी दाणा कसा निवडावा यावर जास्त भर दिला आहे. घाईत असाल तर कृतीचा भाग आधी वाचा, पण निवडीचा भाग सोडू नका.

घरात कोणता माल राहतो?

ही गोष्ट आपण सगळे जाणतो, पण बोलत नाही. चाळणीवरचा टपोरा, एकसारखा माल बाजारात जातो. चाळणीखालचा बारीक, सुरकुतलेला, फुटका, काढणीत भिजलेला माल "घरी खायला होईल" म्हणून मागे ठेवला जातो. माझ्या वडिलांच्या खळ्यावरही हेच चालायचे आणि कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मलाही त्यात काही वावगे वाटले नव्हते. व्यवहार म्हणून ते समजण्यासारखे आहे. पण भुईमुगाच्या बाबतीत या सवयीचा अर्थ असा होतो, की ज्या दाण्यांत बुरशीच्या विषाचा धोका सर्वांत जास्त, तेच दाणे आपल्या घरच्या कढईत पडतात.

या विषाचे नाव अफ्लाटॉक्सिन. अॅस्परजिलस फ्लेव्हस आणि अॅस्परजिलस पॅरासिटिकस या बुरशी ते तयार करतात. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेतल्यावर कारण त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडले आणि तिथून हे विष जगाला माहीत झाले. आपल्याकडे १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील आदिवासी भागात पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे यकृताच्या विकाराने दगावली. एवढी मोठी मात्रा रोजच्या खाण्यात येत नाही. पण थोडी थोडी मात्रा वर्षानुवर्षे पोटात गेली तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ज्यांना कावीळ ब चा जुना संसर्ग आहे त्यांच्यात तो आणखी जास्त असतो. युरोपीय देशांत थेट खाण्याच्या शेंगदाण्यात एकूण अफ्लाटॉक्सिन किलोला ४ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. सोप्या भाषेत, एक हजार टन मालात चार ग्रॅम.

आता कढईशी संबंधित मुख्य मुद्दा. भाजल्याने बुरशी मरते, विष मरत नाही. उष्णतेने त्याचे प्रमाण काहीसे घटते, पण घरच्या भाजणीत ते पूर्ण जाईल असा भरवसा धरता येत नाही. उकळून, तळून किंवा उन्हात ठेवूनही तो धरता येत नाही. मीठ, तिखट, गूळ ही सगळी खराब दाण्याची चव झाकतात. नुसता भाजलेला खराब दाणा जिभेला लगेच कळतो आणि माणूस थुंकून टाकतो. तोच दाणा साखरेच्या कवचात असला की गिळला जातो.

काही वर्षांपूर्वी एका बचत गटाने मला त्यांचे गूळदाणे चाखायला दिले. "सर, प्रत्येक घाण्यात दोन-चार कडू निघतात, म्हणून आम्ही गूळ वाढवला," असे एका ताईंनी सांगितले. मी कच्चा माल बघायला मागितला. स्वस्त पडतो म्हणून त्यांनी खंडा आणला होता, म्हणजे मळणीत फुटलेले, साल निघालेले, अर्धे झालेले दाणे. त्यातले पन्नासेक दाणे मी परातीत निवडून दाखवले. काही काळपट होते, काहींच्या पोटात करडी बुरशी होती. तेवढ्यात चहा थंड झाला आणि कोणी काही बोलले नाही. त्यांनी तो माल फेकला. पुढच्या वेळी अख्खा, चाळलेला दाणा घेतला, पाकिटाचा दर थोडा वाढवला आणि गुळाचे प्रमाण पुन्हा मूळ मापावर आणले.

खळ्यावरच अर्धे काम होते

तुमचा स्वतःचा भुईमूग असेल तर खाण्यासाठीच्या दाण्याचे नियोजन काढणीपासून करता येते.

बुरशीचा शिरकाव बहुधा शेवटच्या महिन्यात होतो. शेंगा भरत असताना जमीन तापली आणि पाण्याचा ताण पडला की दाण्याची स्वतःची प्रतिकारशक्ती कमी होते. हुमणी, वाळवी किंवा खुरप्याने टरफलाला भोक पडले तर बुरशीला आयती वाट मिळते. म्हणून शक्य असेल तर शेंगा भरण्याच्या काळातली एक पाळी चुकवू नये. आऱ्या सुटताना जिप्सम दिल्याने टरफल आणि दाणा दोन्ही चांगले पोसतात, पोचट शेंगा कमी निघतात. काढणी वेळेत करावी. शेंगेच्या टरफलाची आतली बाजू काळसर दिसू लागली की दाणा पक्व झाला असे समजावे. शेतात चार-पाच ठिकाणची झाडे उपटून पाहावीत आणि तीन-चतुर्थांश शेंगांत ही खूण दिसली की काढणीला लागावे. एसबी-११, टीएजी-२४ यांसारख्या उपट्या जातींच्या दाण्याला सुप्तावस्था जवळपास नसते. काढणी लांबली आणि वळीव किंवा परतीचा पाऊस झाला, तर शेंगेतच मोड येतात. मोड आलेला दाणा खाण्याच्या मालात घेऊ नये.

झाडे उपटल्यावर शेंगा वर येतील अशी उलटी ठेवून दोन-तीन दिवस शेतात सुकू द्यावीत. ढीग घालू नये. ओल्या शेंगांचा ढीग आतून तापतो आणि एका रात्रीत बुरशी धरते. त्यानंतर शेंगा तोडून ताडपत्रीवर पातळ थरात वाळवाव्यात, दिवसातून दोन-तीन वेळा हलवाव्यात आणि संध्याकाळी झाकाव्यात, म्हणजे दव लागत नाही. डांबरी रस्त्यावर वाळवणे टाळावे. तिथे धूळ आणि तेल लागते, शिवाय उन्हाळ्यात रस्ता इतका तापतो की दाण्याची साल सुटून तेल बाहेर येते. असा दाणा लवकर खवट होतो.

वाळला की नाही हे कसे ओळखाल? शेंग कानाजवळ हलवा, दाणे खडखड वाजले पाहिजेत. दाणा दोन बोटांत चोळा, साल सुटली पाहिजे. दाताखाली धरा, मऊ दबला तर ओला आहे, कट् आवाजाने तुटला तर वाळला आहे. दाण्यातला ओलावा सात-आठ टक्क्यांवर आला की साठवणीला योग्य. खाण्यासाठी ठेवायचा माल शेंगेतच ठेवावा. टरफल हे निसर्गाने दिलेले पाकीट आहे. लागेल तसे महिन्याभरापुरतेच दाणे फोडावेत. शेंगा फोडण्याआधी त्यांवर पाणी शिंपडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, दाणे कमी फुटतात म्हणून. खाण्याच्या मालासाठी ती अजिबात वापरू नये.

परातीतली निवड

बाजारातून आणलेले असोत की घरचे, भाजण्याआधी दाणे निवडायलाच हवेत. हे विष सगळ्या दाण्यांत सारखे पसरलेले नसते. पोत्यातल्या मोजक्या दाण्यांत ते फार मोठ्या प्रमाणात असते आणि बाकीचे दाणे स्वच्छ असतात. म्हणूनच हाताने निवडण्याचा एवढा उपयोग होतो.

भरपूर उजेडात, पांढऱ्या कापडावर किंवा स्टीलच्या परातीत अर्धा किलो दाणे पसरा. आधी सुपात पाखडून हलके, पोचट दाणे उडवा. मग हे काढा: सुरकुतलेले, नेहमीपेक्षा काळपट किंवा तपकिरी डाग असलेले, हिरवट-पिवळी पूड दिसणारे, मोड आलेले, किडीने भोक पाडलेले, साल निघून कडा पिवळ्या पडलेले. शंका असेल तर दाण्याच्या दोन डाळी उघडा. मधल्या पोकळीत करडे किंवा हिरवट जाळे दिसले तर तो दाणा गेला. दहा-बारा दाणे असे उघडून पाहिले आणि त्यांत दोन-तीन खराब निघाले, तर निवडत बसू नका. तो लॉट खाण्यासाठी नाहीच.

दुसरी निवड भाजल्यानंतर करायची, आणि ती बहुतेक जण विसरतात. खराब दाणा चांगल्या दाण्यापेक्षा वेगळा भाजतो. साल काढल्यावर बाकी दाणे बिस्किटाच्या रंगाचे दिसतात, तर तो गडद, ठिपक्यांचा किंवा राखाडी दिसतो. मोठे कारखानेही दाणे भाजून, साल काढून मगच रंगावरून निवडतात. आपण तेच काम डोळ्यांनी करायचे. निवड केल्याने धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही. विकण्यासाठी मोठ्या प्रमाणावर करत असाल तर लॉटचा नमुना अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

निवडून काढलेल्या दाण्यांचे काय करायचे? कुटात नाही, चटणीत नाही. गाई-म्हशीला तर नाहीच, कारण खाद्यातल्या या विषाचा काही भाग दुधात उतरतो आणि ते दूध पुन्हा आपल्याच घरात येते. कोंबड्या तर याला फारच नाजूक. घाण्यावर देऊ नका, न शुद्ध केलेल्या तेलातही त्याचा अंश उतरतो. खड्ड्यात पुरून टाका. दोन ओंजळी दाणे गेल्याचे वाईट वाटते हे खरे.

भाजण्यासाठी कोणता दाणा?

खाऱ्या दाण्यासाठी मध्यम ते टपोरा आणि मुख्य म्हणजे एकसारख्या आकाराचा दाणा घ्यावा. लहान-मोठे एकत्र भाजले तर लहान करपतात तोवर मोठे कच्चे राहतात. दोन चाळण्या लावून आकार वेगळे केले की अर्धी कटकट मिटते. टीपीजी-४१ सारख्या टपोऱ्या दाण्याच्या जाती थेट खाण्यासाठी चांगल्या. टीएजी-२४ किंवा एसबी-११ चा लहान, गोल दाणा गोड कवचासाठी उत्तम, कारण त्याला पाक सगळीकडून सारखा बसतो.

शेंगदाण्यात साधारण निम्मे तेल असते. ते हवेशी संयोग पावून खवट होते. ज्या दाण्यात ओलिक आम्ल जास्त, तो जास्त दिवस टिकतो. जुनागढच्या भुईमूग संशोधन संचालनालयाने इक्रिसॅटसोबत विकसित केलेल्या गिरनार-४ आणि गिरनार-५ या जाती २०२० मध्ये प्रसारित झाल्या. त्यांच्या तेलात ओलिक आम्ल सुमारे ८० टक्के आहे, नेहमीच्या जातींत ते साधारण ४० ते ५० टक्के असते. खारे दाणे, चिक्की, पीनट बटर करणाऱ्यांसाठी हा मोठा फरक आहे. प्रक्रियेसाठी भुईमूग लावणार असाल तर आपल्या भागासाठी कोणती जात शिफारशीत आहे हे जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या.

खारे शेंगदाणे

गुजरातेत भरूचची खारी सिंग प्रसिद्ध आहे आणि आपल्याकडे प्रत्येक बसस्थानकाबाहेर, जत्रेत भडभुंज्याची गरम कढई असते. त्या दाण्याची चव आतपर्यंत खारट असते, वर मीठ दिसतही नाही. घरी कोरडे दाणे भाजून वरून मीठ टाकले तर ते भांड्याच्या तळाशी जाते. कारण सोपे आहे: कोरड्या सालीला मीठ चिकटत नाही. मीठ पाण्यातून आत पोचवावे लागते.

साहित्य: निवडलेले कच्चे शेंगदाणे ५०० ग्रॅम, पाणी ४०० मिली, मीठ ३० ग्रॅम (साधारण दोन सपाट मोठे चमचे), हवी असल्यास पाव चमचा हळद. भाजण्यासाठी वेगळे १ किलो साधे मीठ.

पाण्याला मीठ-हळद घालून खळखळ उकळी आणा. गॅस बंद करून दाणे घाला, ढवळा आणि पाच मिनिटे झाकून ठेवा. दहा मिनिटांवर नेऊ नका. दाणे शिजायला लागतात, साल सुटते आणि भाजल्यावर ते कुरकुरीत न होता चिवट राहतात. चाळणीत निथळा आणि सुती कापडावर पंख्याखाली दोन-तीन तास पसरून ठेवा. दाणा हाताला कोरडा लागला पाहिजे. इथे घाई केली की ओल्या दाण्याला कढईतले मीठ थापून बसते आणि तोंडात घालवत नाही. मी पहिल्यांदा केले तेव्हा नेमके हेच झाले होते, सगळे दाणे धुवून पुन्हा वाळवावे लागले. दुसरीकडे, ते रात्रभर ओले झाकूनही ठेवू नका. भिजलेला दाणा कोमट जागी झाकून ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण.

आता जाड बुडाच्या कढईत एक किलो मीठ घेऊन मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटे तापवा. मीठ इथे चवीसाठी नाही. भडभुंज्याची वाळू जे काम करते ते मीठ करते: दाण्याला सगळ्या बाजूंनी सारखी उष्णता देते. नुसत्या कढईत दाणा जिथे टेकतो तिथेच करपतो. मीठ तापले की नाही हे पाहायला एक दाणा टाका. अर्ध्या मिनिटात तडतडला तर तयार.

एका वेळी दीड-दोन मुठी दाणेच घाला. जास्त घातले तर मीठ थंड पडते. आच मध्यम ठेवून उलथण्याने सतत खालीवर करा. पहिली दोन मिनिटे काही होत नाही असे वाटेल, मग तडतड सुरू होईल. तडतड कमी होऊ लागली की एक दाणा काढा, फुंकर घाला, दोन डाळी उघडा. मधोमध पांढरा असेल तर कच्चा, फिकट बदामी असेल तर झाला. साधारण चार ते सहा मिनिटे लागतात, पण घड्याळापेक्षा डाळीचा रंग पाहा. हवा त्यापेक्षा एक छटा आधी काढा. गरम दाणा कढईबाहेरही आतल्या उष्णतेने भाजत राहतो. झाऱ्याने काढून मोठ्या भोकाच्या चाळणीत टाका, मीठ खाली गाळा आणि दाणे परातीत पसरा. ढीग करू नका.

गरम दाणा मऊच लागतो. त्यामुळे "अजून झाले नाहीत" म्हणून पुन्हा कढईत टाकू नका, पूर्ण गार झाल्यावरच कुरकुरीतपणा कळतो.

भट्टी किंवा ओव्हन असेल तर निथळून सुकवलेले दाणे एका थरात पसरून १५० अंश सेल्सिअसवर वीस-पंचवीस मिनिटे भाजा, मध्ये दोनदा हलवा. गटांना मोठ्या घाण्यासाठी हे सोपे जाते आणि प्रत्येक घाणा सारखा येतो. चवीच्या बाबतीत मला मिठातला दाणा जास्त आवडतो.

भाजणीचे मीठ गार करून डब्यात ठेवा, पाच-सहा वेळा चालते. करडे पडले, करपट वास आला की टाकून द्या. ते परसबागेत किंवा बांधावर ओतू नका. एक किलो मीठ वाफ्यात गेले की तिथली मेथी-कोथिंबीर उगवणार नाही. लोखंडी कढई वापरली असेल तर लगेच धुवून, पुसून तेलाचा हात फिरवा, नाहीतर सकाळी गंज दिसेल.

गोड-खारे शेंगदाणे

गोड दाण्याच्या दोन पद्धती आहेत, साखरेची आणि गुळाची. नव्याने करणाऱ्याने साखरेपासून सुरुवात करावी.

कच्चे निवडलेले दाणे २५० ग्रॅम, साखर १२५ ग्रॅम, पाणी ६० मिली, मीठ ३ ग्रॅम (अर्धा छोटा चमचा). सगळे एकत्र जाड कढईत घेऊन मध्यम आचेवर ठेवा आणि हलवत राहा. आधी साखर विरघळेल, पाक उकळेल, बुडबुडे मोठे होतील. सात-आठ मिनिटांत पाणी आटून पाक घट्ट होईल आणि मग एकाएकी साखर कोरडी, रवाळ होऊन दाण्यांवर पांढरी बसेल. इथे बऱ्याच जणांना वाटते की बिघडले. बिघडलेले नाही, हाच टप्पा हवा आहे. आच मंद करा आणि आणखी पाच ते आठ मिनिटे परतत राहा. या वेळात आतला दाणा भाजला जातो आणि वरची साखर थोडी थोडी वितळून तपकिरी चकाकी येते. निम्मी साखर चकाकली, निम्मी रवाळ राहिली की उतरवा. पूर्ण वितळू दिली तर दाणे एकमेकांना चिकटून ढेकूळ होते. तूप लावलेल्या परातीत ओतून दोन चमच्यांनी लगेच सुटे करा. पाक शंभर अंशांच्या बराच वर गेलेला असतो, तेव्हा बोट लावू नका आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका. सुटे करतानाच वरून चिमूटभर मीठ भुरभुरले की गोड-खारट दोन्ही चवी वेगवेगळ्या लागतात. आवडत असल्यास लाल तिखट किंवा सुंठपूडही याच वेळी.

गुळाची पद्धत वेगळी. गूळ साखरेसारखा रवाळ होऊन बसत नाही, कारण त्यात फळसाखर आणि द्राक्षसाखर मिसळलेल्या असतात, त्या रवे धरू देत नाहीत. म्हणून आधी दाणे पूर्ण भाजून, साल काढून, निवडून घ्यावेत. २५० ग्रॅम भाजलेल्या दाण्यांना १०० ग्रॅम चिक्कीचा गूळ, एक चमचा तूप, अर्धा छोटा चमचा मीठ. गूळ तुपात मंद आचेवर वितळवा. थेंबभर पाक वाटीतल्या थंड पाण्यात टाका. मऊ गोळी झाली तर अजून कच्चा आहे. गोळी कडक होऊन वाटीत टण् वाजली आणि कट्कन मोडली की लगेच दाणे घाला, हलवा, उतरवा, सुटे करा. कच्च्या पाकात केलेले गूळदाणे दुसऱ्या दिवशी दाताला चिकटतात. त्यावर उपाय नाही, त्यांचे लाडू वळावेत.

गूळ हवेतला ओलावा ओढतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात किंवा घाटमाथ्यावर गूळदाणे बरणीबाहेर तासाभरात पाझरतात. पावसाळ्यात विक्रीसाठी करायचेच असेल तर साखरेचे करा आणि गार होताच पाकिटे सील करा.

साठवण आणि विक्री

दाणे पूर्ण गार झाल्याशिवाय बरणीत भरू नका. कोमट दाण्याची वाफ झाकणाला लागते आणि दुसऱ्या दिवशी सगळे सादळलेले असते. काचेची किंवा स्टीलची घट्ट झाकणाची बरणी, अंधारी जागा, कोरडा चमचा. असे खारे दाणे तीन-चार आठवडे चांगले राहतात. नुसते सादळले असतील तर मंद आचेवर पाच मिनिटे गरम करून पुन्हा कुरकुरीत होतात. खवट वास आला तर परत भाजून उपयोग नाही.

विक्रीच्या पाकिटासाठी प्रकाश आणि ओलावा रोखणारे, आतून चंदेरी थर असलेले पाकीट घ्या. पारदर्शक पिशवीत माल छान दिसतो, पण दुकानाच्या दाराशी उन्हात टांगलेला दाणा फार लवकर खवटतो. अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या आणि पाकिटावर निव्वळ वजन, घटक, तयार केल्याची तारीख, नोंदणी क्रमांक असू द्या. "शेंगदाणे" हा शब्द ठळक असावा. काहींना शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असते, आणि मसाल्याच्या मिश्रणात दाणे आहेत हे त्यांना वाचून कळले पाहिजे. त्याच कढईत, त्याच चाळणीत काजू किंवा चणे भाजत असाल तर तेही त्या पाकिटावर लिहा.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा देऊ नये, श्वासनलिकेत अडकतो. त्यांच्यासाठी कूट करून गुळात लाडू वळावेत. अर्थात त्या कुटाचे दाणेही परातीत निवडलेलेच घ्यावेत.